टिकली वळली नाही

आमच्या घरात पोराला आतषबाजी बघायला कधी न्यायचं हे वयावर ठरत नाही, झाकणावर ठरतं.

झाकण म्हणजे खळीच्या पातेल्याचं. आकाशात फुटणाऱ्या गोळ्यांना बाहेरून कागदाचे थर चिकटवतात, त्यासाठी पिठाची खळ लागते. ती शिजवायचं आमचं पातेलं एवढं मोठं, की त्यात मूल बसवून आंघोळ घालावी. त्याचं झाकण जड, एका कडेला चेमटलेलं. पोर तीनचं झालं की स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभं करायचं, काही सांगायचं नाही, आणि मागे फरशीवर झाकण सोडून द्यायचं. पोराने दचकून का होईना, वळून बघितलं तर ते तयार. कान झाकून आईच्या नावाने भोकाड पसरलं तर पुढच्या वर्षी. ही रीत माझ्या सासऱ्यांच्या वडिलांपासूनची. त्यात डॉक्टर, मास्तर, पुस्तकं यांचं काही काम नाही.

आमचे यजमान तिसऱ्या वर्षी वळले, असं सासूबाई सांगायच्या. माझा थोरला साडेतीन वर्षांचा असताना वळला. नुसता वळला नाही, झाकण दोन्ही हातांनी उचलून पुन्हा आपटलं आणि म्हणाला, "अजून!" तोच आज आमचा आतषबाजीचा कारखाना चालवतो. खाण तशी माती.

धाकटा चार वर्षांचा होता. झाकण पडलं, खिडकीची तावदानं थरथरली, मांडणीवरची कपबशी घरंगळली आणि हा पठ्ठ्या केसभरही हलला नाही. भिंतीकडे तोंड करून तसाच उभा. मी त्याला कडेवर उचललं आणि ओरडले, "वाघ आहे, वाघ!" सासरे दारात उभे होते. म्हणाले, "सूनबाई, हा वळला नाही." मी म्हटलं, "वळेल कशाला? घाबरला तर वळेल ना!" सासऱ्यांपुढे तोंड चालवणारी सून आख्ख्या गल्लीत मी एकटीच होते. त्यांनी हात धुतले आणि जेवायला बसले. त्याच आठवड्यात मी धाकट्याला नदीवर नेलं. पूर्ण वेळ माझ्या मांडीवर होता, हूं नाही की चूं नाही. दिसेल त्याला धरून मी त्याचं कौतुक सांगितलं.

तो धाकटा आता विमानाने जावं लागतं अशा गावी असतो. कचेरीत आहे. तिथे म्हणे जमिनीवर इतका जाड गालिचा आहे की चाललेलं पाऊल वाजत नाही. रविवारी दहाला फोन करतो. "कशी आहेस?" "बरी. तू?" "बराय." मग तिकडची हवा, मग इकडची हवा, मग ठेवतो. पंधराव्या वर्षी त्याने कारखान्यात पाऊल टाकायचं सोडलं, तेव्हा मी त्याचं नाव 'ससा' ठेवलं. चारचौघांत हाक मारायचे, "ए सशा, जेवायला चल." वाघाचा ससा कसा झाला, हा विचार मात्र माझ्या डोक्यात कधी आला नाही.

आतषबाजी वर्षातून एकदा. नगरपालिका पैसे देते, आम्ही नदीच्या वाळूवर नळकांडी पुरून ती उडवतो. काठावर दोरी बांधतात. दोरीच्या अलीकडे लोक, पलीकडे आमची माणसं. दोरीला लागून एक लाकडी बाक आहे, पाच माणसांचा. तो आमचा. पाटी लावलेली नाही, पण कुणाची बसायची छाती होत नाही. आधी सासूबाई आणि मी बसायचो. मग मी आणि पोरं. मग एक पोरगा दोरीपलीकडे गेला आणि दुसरा विमानात बसला. यजमान बाकावर कधीच बसले नाहीत, पण शेवटचा गोळा फुटला की पलीकडच्या अंधारातून टॉर्च हलवायचे. तीनदा. ते माझ्यासाठी असायचं. ते गेले त्याला आता पाच वर्षं होतील. थोरला आणि सूनबाई दोघंही पलीकडे असतात, सूनबाई गोळे उडवायच्या बटणांच्या पेटीवर. थोरल्याला टॉर्च हलवायचं सुचत नाही आणि मी सांगणार नाही. सांगून हलवलेला टॉर्च काय कामाचा?

त्या पाच माणसांच्या बाकावर मी एकटी बसत आले. मधोमध बसायचे. कडेला बसलं की बाक रिकामा दिसतो.

थोरल्याची मुलगी म्हणजे टिकली. खरं नाव शाळेत चालतं. पोरांच्या पिस्तुलातली टिकली असते ना, एवढुशी पण वाजली की फट्‌कन वाजणारी, तशी ती जन्मल्यावर रडली होती म्हणून टिकली. ते तिघं पुलापलीकडच्या नव्या इमारतीत राहतात, कारखान्याजवळ, सातव्या मजल्यावर. मलाही बोलावलं होतं. मी म्हटलं, "लिफ्ट बंद पडली तर मला काय पोहऱ्यासारखी दोरीने खाली सोडणार?" मी आमच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतच राहिले. दुकान बंद आहे, शटर गंजून बसलंय. दर बुधवारी तीन ते सहा टिकली माझ्याकडे असायची. सूनबाई घड्याळाच्या ठोक्याला आणून सोडायची आणि ठोक्याला घेऊन जायची. आठवड्यात माझ्या घरात जो काही आवाज व्हायचा तो बुधवारी. बाकीचे सहा दिवस फ्रिज बोलतो, मी ऐकते.

बुधवारी मी टिकलीला गोष्टी सांगायचे. राजाराणीच्या मला येत नाहीत. मी आमच्या झाकणाच्या सांगायचे. कोण वळलं, कोण रडलं, आणि कोण केसभरही हललं नाही. शेवटची गोष्ट तिला सगळ्यात आवडायची. "काका हललाच नाही?" "नाही." "मग तू काय केलंस?" "कडेवर घेतलं आणि म्हटलं, वाघ आहे, वाघ." ती हसायची आणि म्हणायची, "परत सांग."

मागच्या वर्षी ती चार वर्षांची होती. आतषबाजीच्या आदल्या बुधवारी सूनबाई तिला घ्यायला आली तेव्हा मी विषय काढला. यंदा टिकली माझ्याबरोबर बाकावर बसेल.

सूनबाई चपला काढायच्या आधीच थांबली. "आई, यंदा राहू द्या."

"का? काय झालंय तिला?"

"झालं नाही काही. पण शाळेत बाई म्हणत होत्या, खुर्ची जोरात सरकली तरी ती गप्प होते."

"गप्प होते ना? बोंबलत तर नाही! तुझ्या माहेरी एवढं कुणाला जमलं असतं का?"

माहेरचं काढलं तरी सूनबाई चिडत नाही. शंभर गोळ्यांची बटणं जिच्या बोटांखाली असतात, तिला सासूच्या तोंडाचं काय! म्हणाली, "डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, घाई कशाला? न्यायचंच असेल तर लांब बसवा, कानांवर काहीतरी लावा, मधेच उठून यायची तयारी ठेवा. आणि तिला विचारा."

"तिला विचारा? चार वर्षांच्या पोरीला? मग कारखाना विकायचा का तेही तिलाच विचारा."

"आई, तुम्हाला सोबत हवी आहे हे मला कळतं..."

"मला?" मी म्हटलं. "मला कसली सोबत? सोबत लागते ती लुळ्यापांगळ्यांना. मी पोरीचा विचार करतेय. तिचे आई-बाप आभाळ पेटवतात आणि पोर त्या रात्री शिंपीणकाकूंच्या घरी बटणं ओवत बसते. लोक काय म्हणतील?"

शिंपीणकाकू म्हणजे आमच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या बाई. आतषबाजीच्या संध्याकाळी टिकली त्यांच्याकडे असायची. बाई भली आहे, पण बोलायला लागली की शिलाई मशीन बरी.

"झाकण ठरवेल," मी म्हटलं.

सूनबाईने मान डोलावली. आमच्या घरात लग्न करून आली होती, झाकणापुढे तिचंही काही चालत नव्हतं. टिकलीला मी भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तिने विचारलं नाही, का म्हणून. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. पायात पाय जुळवून, हात मांडीला चिकटवून ती उभी राहिली. मी पातेल्यावरचं झाकण उचललं, डोक्याएवढं वर नेलं आणि सोडलं.

टिकली हलली नाही. वेणीची रिबीनसुद्धा हलली नाही.

मी टाळी वाजवली. "बघ! बघितलंस? काकावर गेलीय! वाघीण आहे!" तिला उचलून कडेवर घेतलं. तिने माझ्या गळ्याला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला.

सूनबाई म्हणाली, "आई, ती वळली नाही."

"वळेल कशाला?"

"वळलं तर तयार, असंच आहे ना?"

"माझ्या घरात येऊन मलाच माझी रीत शिकवतेस?"

ती टिकलीला घेऊन निघाली. शनिवारी संध्याकाळी टिकलीला सोडायला आली तेव्हा हेडफोनसारखं दिसणारं लाल काहीतरी माझ्या हातात दिलं. आवाज अडवायचं. कारखान्यात ती स्वतः लावते तसलंच, लहान मापाचं. "सुरू व्हायच्या आधी लावा, आई. एवढं ऐका." मी ते पिशवीत टाकलं. आमच्या बाकावर बसून आमचं पोर कानाला बुचं लावतं, हे आख्ख्या गावाने बघावं? पिशवीतच राहू दे म्हटलं.

आठला सुरू व्हायचं होतं, आम्ही सातलाच जाऊन बसलो. मी मधोमध आणि टिकली माझ्या शेजारी. काय सांगू, शेजारी कोणी बसलेलं असलं की बाक गरम लागतो. लोक येत होते. एकाने सहा महिन्यांचं तान्हं खांद्यावर आणलं होतं. एकाने कुत्रं आणलं होतं. मी टिकलीला म्हटलं, "बघ, अकलेचे कांदे. त्या कुत्र्याचं आता काय होतं ते बघ." ती हसली. दोरीपाशी उभा राहणारा पहारेकरी आला, आम्ही त्याला दोरीवालाच म्हणतो. म्हणाला, "काय मालकीणबाई, यंदा दुकटी?"

"दुकटी नाही, ही वाघीण आहे. एकाला चार."

पहिला गोळा गेला. मी टिकलीकडे बघितलं. ती ताठ बसली होती, डोळे वर. तोंडावर हसू. दुसरा गेला, तिसरा गेला. मी तिला सांगत होते, हा तुझ्या पणजोबांनी बसवलेला, ह्याचा हिरवा रंग दुसऱ्या कुणाला जमत नाही, हा फुटून पुन्हा फुटतो, थांब, बघ. किती वर्षांनी मी त्या बाकावर बोलत होते! एकटं माणूस आतषबाजीला बोलत नाही, बोललं तर लोक बघतात. तान्हं मूल किंचाळायला लागलं, बापाने त्याला घेऊन पळ काढला. कुत्रं गळ्यातली दोरी तोडून पळालं. टिकली जागची हलली नाही. मी दोरीवाल्याला मोठ्याने म्हटलं, "बघतोयस ना?"

"शूर आहे हां पोर," तो म्हणाला.

"रक्त आहे आमचं."

मग एक मोठा गोळा वर गेला आणि फुटला नाही.

आमच्यात त्याला मुका गोळा म्हणतात. लोकांना वाटतं, बरं झालं, वाजला नाही. धंद्यातल्या माणसाच्या पोटात मात्र त्यानेच गोळा येतो. वाजलेल्याची भीती कसली, तो वाजून मोकळा झाला. मुका सगळं आत घेऊन खाली पडलेला असतो. त्याला हात लावायचा नाही. आधी थांबायचं, मग लांबून पाणी, भरपूर पाणी, तेही तोंड बाजूला करून. आणि तो कुठे पडला हे कळेपर्यंत पुढचं बटण दाबायचं नाही. वाळूवर धप्प झालं. सूनबाईने हात थांबवला असणार, कारण सगळं शांत झालं. लोकही कुजबुजायला लागले.

त्या शांततेत मला बारीक कडकड ऐकू आली. उंदीर लाकूड कुरतडतो तशी. मी खाली बघितलं. टिकलीचे दात होते ते. तोंडावर हसू तसंच होतं, शिवून ठेवल्यासारखं, आणि आतून दातावर दात आपटत होते. मी तिचा हात धरला. मूठ उघडेना. बोटं एकेक करून सोडवली, तर तळव्यात चार नखांच्या चार खुणा, दोनांतून रक्त. बाक तिच्याखाली ओला होता. किती वेळापासून, देव जाणे.

तिने मान न वळवता विचारलं, "आजी, मी हलले नाही ना?"



मी पिशवीतून ते लाल काढलं, तिच्या कानांवर चढवलं, शालीत तिला गुंडाळलं आणि उठले. माझे गुडघे दोन जिने चढताना चार वेळा बसतात. त्या दिवशी ते कुठून उभे राहिले मला माहीत नाही.

दोरीवाला धावत आला. "मालकीणबाई, अजून अर्धी बाकी आहे!"

"तू बघ. तुझ्या बापाने बघितली नसेल एवढी बघ."

इतक्या वर्षांत मी आतषबाजी अर्धी टाकून उठले नव्हते. यजमानांचा हात भाजला होता त्या वर्षीसुद्धा नाही. गर्दीतून वाट काढत चालले. मागे पुन्हा सुरू झालं. प्रत्येक आवाजाला टिकली माझ्या मानेत आणखी घुसत होती, पण रडत नव्हती. मी म्हटलं, "रड गं. रड ना." कानांवर लाल होतं, तिला ऐकू कुठून येणार?

मंडई बंद होती. तिच्या मागच्या भिंतीपाशी माझा दम संपला. तिथे एक उलटी टोपली पडली होती, तिच्यावर बसले. भिंत जाड, मधे दोन गल्ल्या, आवाज असा येत होता की लांब कुणी गाद्या झटकतंय. बराच वेळ टिकली माझ्या खांद्यात तोंड खुपसून होती. मग तिने एका कानावरचं लाल हळूच सरकवलं. एक गादी झटकली गेली. टिकली वळली.

मान उचलून, कौलांवरून, जिकडून आवाज आला तिकडे तिने बघितलं. तिथे मुठीएवढं हिरवं फूल फुटून विझत होतं.

"आजी, ते बघ. एवढुसं."

"ते तुझ्या पणजोबांचं," मी म्हटलं.

मग ती रडायला लागली. चांगली ठणठणीत, टिकलीसारखी.

मी तिला घरी आणलं, धुतलं, यजमानांचा जुना सदरा घातला, दूध दिलं. नऊ वाजता जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. थोरला आणि सूनबाई, दोघांच्या तोंडाला काजळी, दोघांना धाप.

"आई!" थोरला म्हणाला. "बाक रिकामा दिसला. काळजात धस्स झालं माझ्या!"

"तू बाकाकडे बघतोस?"

"मग? शेवटचा गोळा गेला की दरवर्षी बघतो. तू दिसलीस की पुढचं काम."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

सूनबाईने टिकलीचा तळवा दिव्याखाली धरला. मग माझ्याकडे बघितलं. "लाल ते कधी लावलंत?"

खोटं बोलता आलं असतं. पोर लहान, तिला कोण विचारतं! "निघताना," मी म्हटलं.

"म्हणजे बसलात तेव्हा नाही."

"नाही."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी सव्वापट चढवला असता आणि दोघी मोकळ्या झालो असतो. तिने टिकलीला सदऱ्यासकट उचललं आणि निघाली. पुढच्या बुधवारी तीन वाजले, सव्वातीन वाजले, चार वाजले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होते. फोन आला, टिकलीला सर्दी आहे. त्याच्या पुढच्या बुधवारी शाळेचं काही होतं. तिसऱ्या बुधवारी फोनही आला नाही. असे सात बुधवार गेले. मी कुणाला काही बोलले नाही. बोलायला कोण होतं? फ्रिज.

चौथ्या की पाचव्या बुधवारी मी धाकट्याला फोन लावला. मी आजवर त्याला आपणहून फोन केला नव्हता. त्याने उचलला तोच, "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. एक विचारायचं होतं. तू चार वर्षांचा होतास. मी झाकण टाकलं होतं. आठवतं?"

पलीकडे एक दार लागलं. गालिचा असतो तिथे, पायसुद्धा वाजत नाहीत.

"आठवतं," तो म्हणाला.

"तू हलला नाहीस. नदीवरही नाही. का रे?"

"तुझ्या मांडीवर होतो."

"मग?"

"हललो असतो तर तू उतरवलं असतंस."

"मी नसतं उतरवलं."

"आई."

फ्रिज थांबला होता. अशा वेळी तो नेमका थांबतो.

"उतरवलं असतं," मी म्हटलं.

 सासरे म्हणाले होते, सूनबाई, हा वळला नाही. आमच्यात मुक्याला कसं सांभाळतात हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. गोळ्याचं शिकले. पोराला मात्र वाघ म्हणून नाचवलं आणि वाजला नाही तर ससा म्हणून हिणवलं.

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "मला काही बोलायचं नाहीये. पण ठेवू नकोस."

त्याने ठेवला नाही. फ्रिज पुन्हा सुरू झाला, धाकट्यालाही तो ऐकू गेला असावा. बऱ्याच वेळाने म्हणाला, "फ्रिज तो जुनाच आहे का अजून?" मी म्हटलं, "हो, जुनाच." मग ठेवला.

आठव्या बुधवारी सूनबाई टिकलीला घेऊन आली, पण सोडून गेली नाही. कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसली, सहापर्यंत. त्याच्या पुढच्या बुधवारीही. तिचं बरोबर होतं. मी चहा करून द्यायचे, ती घ्यायची. हळूहळू ती खाली गल्लीतल्या दुकानातून काहीतरी आणायला म्हणून जायला लागली, आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. टिकलीला मी झाकणाच्या गोष्टी सांगायचं बंद केलं. दुसऱ्या मला येत नाहीत, म्हणून तीच मला शाळेतल्या सांगायची. फार काही बऱ्या नसायच्या.

यंदा आतषबाजीच्या आदल्या बुधवारी टिकली पाच वर्षांची, दोन दात पडलेली, स्वयंपाकघरात गेली आणि आपणच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आजी, टाक झाकण. यंदा मी वळते."

सूनबाई खुर्चीत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यापाशी गेले. खरं सांगते, झाकणाला हात लावला. टाकलं असतं तर पोर वळली असती, भिरभिऱ्यासारखी वळली असती. रीतीप्रमाणे तयार. सूनबाईलाही बोलायला जागा उरली नसती. शनिवारी बाकावर माझ्या शेजारी कोणीतरी असतं, हिरव्या गोळ्याची गोष्ट सांगायला. चेमटलेली कड माझ्या बोटाखाली होती. टिकली भिंतीकडे बघत वाट पाहत होती, मान आधीच थोडी वळवलेली.

मी झाकण पातेल्यावर नीट बसवलं आणि वर इस्त्री ठेवली. जुनी, लोखंडाची.

"ठरवून वळलेलं चालत नाही," मी म्हटलं.

"मग मी येऊ नको?"

"यंदा नको."

"मग कधी?"

"सहा पूर्ण होऊ देत. मग तुलाच विचारू."

सूनबाई म्हणाली, "विचारू?"

"का? कानांवर लाल लावून बसलीयस का?"

ती हसली. माझ्या घरात ती बहुधा पहिल्यांदाच हसली, का मीच पहिल्यांदा बघितलं कोण जाणे. पण शनिवारी टिकली कुठे राहील ते तिने आधीच ठरवलं होतं. म्हणाली, "शिंपीणकाकूंना सांगितलंय." मला नाही सांगितलं. ते मी गिळलं. टिकलीजवळ मी राहते म्हणाले असते तरी जमलं नसतं. बाक रिकामा दिसला की थोरल्याच्या काळजात धस्स होतं, आणि त्याच्या हाताशी गोळ्यांची दारू असते. मला तिथे दिसायलाच हवं.

शुक्रवारी मी शिंपीणकाकूंकडे जाऊन एवढंच सांगितलं, "सव्वाआठला पोरीला मंडईच्या मागच्या भिंतीपाशी न्या. तिची इच्छा असेल तर. लाल गळ्यात असू दे. मान वळवून बघायला लागली तर बघू द्या. नाहीतर परत आणा." त्यांनी विचारलं, "तिथून काय दिसतं हो?" मी म्हटलं, "एवढुसं."

शनिवारी सातला मी बाकावर जाऊन बसले. यंदा कडेला बसले. उरलेला बाक लांबच लांब दिसत होता.

दोरीवाला आला. "कोणी यायचंय का, मालकीणबाई? जागा ठेवलीत."

"यायचंय."

"कधी?"

"पुढच्या वर्षी. नाहीतर त्याच्या पुढच्या. तुला काय घाई आहे?"

आठला सुरू झालं. सव्वाआठपर्यंत मी वर बघत होते. मग पणजोबांचा हिरवा जायची वेळ झाली. त्याचा नळकांड्यातून सुटल्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. तो सुटला आणि मी बाकावर बसल्या बसल्या मागे वळले. सगळं गाव वर बघत होतं आणि मी गावाकडे. शेकडो तोंडं हिरवी झाली आणि पुन्हा काळी झाली. त्यांच्यापलीकडे कौलं, कौलांपलीकडे मंडईची भिंत. ती इथून दिसत नाही. भिंतीपाशी कोणी उभं होतं की नव्हतं, कोणाची मान वळली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तरी मी शेवटपर्यंत तिकडेच बघत बसले.

शेवटचा गोळा गेल्यावर मात्र पुन्हा नदीकडे तोंड केलं आणि ताठ बसले. पलीकडून थोरला बघत असेल.